आईला आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) निघाला, पण आपलीच इम्युनिटी आपल्यावर उलटते म्हणजे नक्की होतं काय?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा. आई ५४ वर्षांची. गेल्या श्रावणापासनं सकाळी उठली की बोटं वळत न्हाईत, मूठ बांधता येत न्हाई, भाकरी थापायची तर लांबच, चहाचं पातेलं उतरवताना दोनदा हातातनं सुटलं. दहा-साडेदहा वाजले की जरा सैल पडायचं त्यामुळं आम्हाला वाटायचं थंडीनं होतंय, वयानं होतंय. कुणी म्हणालं चिकनगुनिया अंगात मुरलाय. एका दवाखान्यात पाच महिने नुसत्या पेनकिलर दिल्या, पित्त वाढलं, सूज तशीच. शेवटी मामांनी जोर लावला म्हणून संधिवाताच्या स्पेशालिस्टकडं नेली, रक्त तपासलं, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आणि अँटी सीसीपी लई जास्त. आता मिथोट्रेक्सेट आठवड्यातनं एकदा, फॉलिक अ‍ॅसिड, आणि थोडे दिवस स्टेरॉइड असं चालू झालंय.

डॉक्टर चांगले आहेत पण बाहेर एवढे पेशंट बसलेले, किती विचारणार. ते म्हणाले घराचा राखणदारच घरच्यांना चोर समजून मारायला लागलाय. तेवढं समजलं. पण ५४ वर्षं जो राखणदार नीट होता त्याला आत्ताच काय झालं? कोरोनात आम्ही घरात सगळ्यांनी गुळवेलीचा काढा प्यालो, इम्युनिटी वाढवायला म्हणून, त्यानं झालं काय? की हे घराण्यातनं येतं, कारण माझी धाकटी बहीण हाय आणि आई रात्रंदिवस तिचीच काळजी करतीया. कुणाला यातलं खरंच माहीत असलं तर सांगा, "पॉझिटिव्ह रहा" एवढंच नको.

सातवी_गल्ली

दादा, आईंना लवकर आराम पडू दे. मी राजारामपुरीची, शिवाजी विद्यापीठातनं एमएस्सी केली आणि आता पुण्यात टी पेशींवर पीएचडी करते. डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबिसबद्दल बोलणार नाही, पण तुमचा "का" हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे म्हणून सविस्तर लिहिते.

"इम्युनिटी जास्त झाली" असं यात नसतं. ओळख चुकते आणि ब्रेक सैल पडतो, या दोन गोष्टी आहेत. उद्या कुठला जंतू येणार हे शरीराला माहीत नसतं, म्हणून टी आणि बी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होताना त्यांचे रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखायचे हात, जीन्सचे तुकडे वाटेल तसे जुळवून बनतात, कोट्यवधी प्रकारचे. मग त्यात स्वतःच्याच अंगाला चिकटणारेही निघणारच. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, टी पेशींची चाळणी तिथं होते, घरच्याच प्रथिनाला जोरात चिकटणारी पेशी तिथल्या तिथं मारली जाते. तरी काही सुटतातच. तुमच्या, माझ्या, हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात आत्ता अशा पेशी फिरतायत आणि तरी बहुतेकांना काही होत नाही, कारण त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. १९९५ ला जपानच्या शिमॉन साकागुची यांनी दाखवलं की टी पेशींतला एक ठराविक गट काढून टाकून उरलेल्या पेशी उंदरांना दिल्या तर त्यांच्या एकेका अवयवावर हल्ला सुरू होतो आणि तो गट परत दिला की आजार टळतो. २००१ ला अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना जन्मतः आजारी असणाऱ्या एका जातीच्या उंदरात फॉक्सपी३ हा बिघडलेला जीन सापडला, आणि हाच जीन बिघडलेली लहान मुलं पण निघाली, मग दोन वर्षांत कळलं की हा जीनच त्या लक्ष ठेवणाऱ्या पेशी घडवतो. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. माझ्या लॅबमध्ये त्या दिवशी कुणी काम केलं नाही, आम्ही पेढे वाटले.

आता आईंच्या आजाराकडं येते. आरए ची सुरुवात सांध्यात होत नाही असं आता बऱ्याच पुराव्यावरून दिसतं, आणि मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. पेशीवर ताण आला, दाह झाला की एक एन्झाइम त्याचं सिट्रुलिन करून टाकतं. हे सगळ्यांच्यात होतं. पण काही लोकांच्या एचएलए जीनमध्ये अशी ठेवण असते की त्यांच्या पेशी ही बदललेली प्रथिनं उचलून टी पेशींना जास्त चांगली "दाखवतात", मग त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनतात. तुमच्या रिपोर्टमधलं अँटी सीसीपी म्हणजे ह्याच अँटीबॉडी, सीसीपी मधला पहिला "सी" सायक्लिक आणि दुसरा सिट्रुलिनचा. आणि हा बदल मोठ्या प्रमाणावर कुठं होतो तर फुप्फुसात, धूर किंवा धूळ जाते तिथं, शिवाय हिरड्यात. हिरड्या सडवणारा एक जंतू आहे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, त्याच्याकडं तर स्वतःचंच असं एन्झाइम आहे. स्वीडनमध्ये २००६ ला आलेल्या कामात सिगरेट ओढणारे आणि त्या जीनच्या दोन्ही प्रती असणारे यांच्यात अँटी सीसीपी वाल्या आरए चा धोका, सिगरेट न ओढणाऱ्या आणि जीन नसणाऱ्यांच्या २१ पट निघाला. नुसता जीन नाही, नुसता धूर नाही, दोन्ही एकत्र.

"आत्ताच काय झालं" याचं उत्तर म्हणजे ते आत्ता झालेलं नाही. हॉलंडमध्ये ज्यांना पुढं आरए झाला अशा रक्तदात्यांचं ब्लड बँकेत साठवलेलं जुनं रक्त काढून तपासलं, तर जवळजवळ निम्म्या जणांत सांधे दुखायच्या आधी कितीतरी वर्षं या अँटीबॉडी किंवा आरए फॅक्टर हजर होते. आईंचं श्रावणात दिसलं, पण आत ठिणगी बरीच आधी पडलेली असणार.

घराण्याचं म्हणाल तर जुळ्या बहिणी, अगदी एकसारखे जीन्स असलेल्या, त्यातल्या एकीला आरए असेल तर दुसरीला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे ८५ टक्के वेळा सगळे जीन्स तेच असूनही होत नाही. हे आईंना नक्की सांगा.

काका_मंगळवारपेठ

चांगला विषय काढलास बाळ. माझ्या मोठ्या वहिनींना हाच त्रास होता, हाताची बोटं शेवटी वाकडी झाली, त्या वेळी एवढं कुणी सांगितलं न्हाई. आपल्याकडं याला आमवात म्हणतात, माधवनिदानात त्याचं वेगळं प्रकरणच आहे, अग्नी मंद झाला की आम तयार होतो आणि सांध्यात जाऊन बसतो. ताईंनी लिहिलंय की सुरुवात सांध्यात होत न्हाई, ते मला पटलं कारण जुन्या लोकांचं पण हेच म्हणणं होतं. सुंठ, एरंडेल यांनी वहिनींना थोडा आराम पडायचा. गुळवेलीबद्दल मात्र मला पण विचारायचंय, आमच्या घरी रोज घेतात.

सातवी_गल्ली

काका, तुमचं बरोबर आहे, नुसत्या दुखण्याच्या जागेवर न बघता बाकीच्या शरीरात शोधायचं हे त्या वैद्यांनी फार आधी ओळखलं होतं. आणि आयुर्वेदाची नीट तपासणी झालीच नाही असंही नाही, कोइमतूरला ४३ पेशंटवर एक छोटी चाचणी झाली, आयुर्वेदिक औषध, मिथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र असे तीन गट, कोणाला काय मिळतंय हे पेशंटला पण माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २०११ ला छापून आली, तिन्ही गटांत साधारण सारखा फरक दिसला. ४३ म्हणजे फार कमी, त्यावरून औषध बंद करता येत नाही, पण अशी कामं व्हायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

गुळवेलीबद्दल सावध रहा. मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेले ६ पेशंट नोंदवले, लिव्हरला सूज, आणि बायोप्सीत ऑटोइम्यून हेपटायटिससारखं, म्हणजे आपल्याच इम्युनिटीनं लिव्हरवर हल्ला केल्यासारखं चित्र. पुढं देशातल्या बऱ्याच सेंटरनी मिळून ४३ पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयानं यावर हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही म्हणाले, तो वाद आहे. पण ज्यांना आधीच थायरॉइड, आरए असं काही आहे त्यांनी इम्युनिटीला डिवचणारं काही घेऊ नये असं त्या डॉक्टरांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं, त्यात आईंची मिथोट्रेक्सेट पण लिव्हरवर ताण टाकणारीच गोळी आहे. दादा, काढ्यानं आरए झाला असं म्हणायला काही आधार नाही, ते ओझं मनावर घेऊ नका. पण आता काढा बंद.

मेडिकलवाला_गंगावेश

वरचं सगळं वाचलं, माझं एकच कळकळीचं सांगणं हाय, मिथोट्रेक्सेट आठवड्यातनं एकदाच. हे मी दुकानात दिवसातनं चारदा बोलतो. मागं एका बाईंच्या घरच्यांनी चिठ्ठी नीट वाचली न्हाई आणि बीपीच्या गोळीबरोबर रोज ती पण देत गेले, दहा-बारा दिवसांत तोंडात फोड, जेवण बंद, पांढऱ्या पेशी खाली, आयसीयूत ठेवायला लागलं. वाचल्या, पण माझ्या डोळ्यापुढनं ते जात न्हाई. म्हणून आता मी पाकिटावर स्केचपेननं वार लिहून गोल करून देतो. तोंडात फोड आले, ताप आला, धाप लागली तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरना फोन. रक्त आणि लिव्हरची तपासणी सांगितलेल्या तारखेला करायचीच, बरं वाटतंय म्हणून टाळायची न्हाई.

आणि ही गोळी मुळात कॅन्सरची म्हणून घरात रडारड होती तेव्हा मी सांगतो की हिच्यामागं आपल्याच देशातला माणूस हाय, यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रात भीमावरमचे, अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या टीमनं ही औषधं बनवली. कॅन्सरला देतात तो डोस लई मोठा, संधिवाताला आठवड्याला ७.५ ते २५ मिलीग्रॅम. एवढ्याशा डोसला ती पेशी मारत न्हाई, दाह शांत करती.

जोतिबाची_लेक

मला आरए नाही, ल्युपस आहे, त्यात पण आपलीच इम्युनिटी आपल्यावर उलटते, ११ वर्षं झाली. पण शिरोलीकरदादा तुमची पोस्ट वाचून गप्प बसवेना. मला २३ व्या वर्षी सुरू झालं. त्या वर्षी चैत्रात जोतिबाला यात्रेला गेले होते, दिवसभर उन्हात, घरी आले तर गालावर लाल चट्टे, सगळ्यांना वाटलं ऊन लागलं, गुलालाची अ‍ॅलर्जी असेल. मग केस गळायला लागले, ताप, आणि शेवटी लघवीतनं प्रथिनं जायला लागली तेव्हा निदान झालं. ल्युपसला ऊन खरंच भडकवतं, उन्हानं कातडीच्या पेशी फुटतात आणि त्यातला डीएनए बाहेर पडतो, आणि माझ्या अँटीबॉडी त्याच डीएनएविरुद्ध आहेत. हे मला एका डॉक्टर मॅडमनी चित्र काढून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा मनातली देवीच्या कोपाबिपाची भीती गेली. समजलं की सहन करायला बळ येतं, म्हणून तुम्ही प्रश्न विचारता ते अगदी योग्य करताय.

ल्युपसच्या दहापैकी नऊ पेशंट बायका असतात. आरए मध्ये पण बायका जास्त. मला कायम वाटायचं आम्हीच का. २०२४ ला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातला एक बंद ठेवायला एक्सिस्ट नावाचा आरएनए काम करतो आणि त्याच्याभोवती चिकटलेल्या प्रथिनांच्या गोतावळ्याविरुद्धच अँटीबॉडी बनू शकतात. नर उंदरात तो आरएनए चालू करून ल्युपस भडकवणारं रसायन दिलं तर त्यांना पण मादीसारखा ल्युपस भडकला. हे वाचून मी रडले, खरं सांगते, कारण इतकी वर्षं "टेन्शन घेतेस म्हणून होतं" ऐकत आले होते.

मी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेते, मूळ मलेरियाचीच गोळी, वर्षाला डोळे तपासून घ्यायला लागतात. आणि जर्मनीत एर्लांगेनला गेओर्ग शेट यांच्या टीमनं २०२१-२२ ला ज्यांना कुठलंच औषध लागू पडत नव्हतं अशा ल्युपसच्या पेशंटना कार-टी दिली, त्यांच्याच टी पेशी काढून, बदलून, बी पेशींवर सोडायच्या. पहिल्या पाचही जणांची सगळी औषधं बंद झाली. काही महिन्यांनी नव्या बी पेशी आल्या, त्या परत चुकीच्या अँटीबॉडी बनवत नव्हत्या. आपल्याकडं आयआयटी मुंबईतनं निघालेली कार-टी कॅन्सरसाठी मिळते, ल्युपससाठी यायची मी वाट बघते.

शिरोलीकर

ताई, काका, मेडिकलवाले दादा, जोतिबाच्या लेकी, सगळ्यांचे लई आभार. जुळ्या बहिणीचं आईला वाचून दाखवलं, पहिल्यांदा जरा हसली. पण सातवी गल्ली ताई, तुमचं धुराधुळीचं वाचून माझी झोप उडालीय. आईनं लग्नाआधी आणि नंतर मिळून वीस वर्षं इचलकरंजीत कांड्या भरल्यात, मागाच्या खोलीत कापसाचा कचरा असा उडतो की संध्याकाळी भुवया पांढऱ्या. सिगरेट न्हाई पण मिसरी लावती. आणि मी स्वतः शिरोलीत फौंड्रीत हाय, शेकआउटला, म्हणजे साचा फोडून वाळू झाडायच्या कामाला, वाळूची धूळ. म्हणजे आम्ही घरात दोघं पण यातच की.

सातवी_गल्ली

दादा, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर नक्की सांगा, कारण विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही. मलेशियात बायकांचा अभ्यास झालाय, तिथं सिगरेट ओढणाऱ्या बायका फार कमी, आणि कापडाच्या धुळीत काम केलेल्या बायकांत आरए चा धोका वाढलेला निघाला, तो जीन असेल तर अजून जास्त. इचलकरंजीएवढे माग असताना असा अभ्यास आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर का होऊ नये, हे माझ्या मनात कायम येतं. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे झाला होता, प्रौढांत साधारण अर्ध्या टक्क्याला आरए निघाला, म्हणजे दोनशे माणसांत एक. असं काम मागवाल्यांच्यात, फौंड्रीवाल्यांच्यात झालं पाहिजे.

फौंड्रीच्या वाळूतली सिलिका हा तर जुना आणि पक्का पुरावा असलेला विषय आहे. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसातल्या गाठी आणि आरए एकत्र येतात हे १९५३ लाच कॅप्लन या डॉक्टरांनी वेल्समध्ये लिहून ठेवलंय. नुसता रुमाल बांधून उपयोग नाही, धुळीसाठीचा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि जिथं जमेल तिथं वाळू ओली करून काम. यावर तुम्ही युनियनमध्ये बोला, हक्काची गोष्ट आहे.

मिसरीबद्दल जरा वेगळं आहे. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची तंबाखू चालते, ती वापरणाऱ्यांत आरए चा धोका वाढलेला दिसला नाही, म्हणजे दोष निकोटिनचा कमी आणि फुप्फुसात जाणाऱ्या धुराचा जास्त. पण मिसरीनं हिरड्या खराब होतात, तोंडाचा कॅन्सर होतो, आणि हिरड्यांचं वर लिहिलंच आहे. दातांच्या डॉक्टरकडं एकदा नेऊन या.

मेडिकलवाला_गंगावेश

अजून एक, पुढंमागं डॉक्टर टीएनएफ (दाह वाढवणारं अंगातलंच एक प्रथिन) अडवायची इंजेक्शनं म्हणाले तर आधी टीबीची तपासणी करूनच. टीबीचे जंतू कित्येकांच्या अंगात गप पडून असतात, त्यांना कोंडून ठेवायचं काम टीएनएफच करतं, ते बंद केलं की ते सुटतात.

सातवी_गल्ली

अगदी बरोबर. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी आधी सांध्याच्या अस्तराच्या पेशी डिशमध्ये वाढवून बघितलं की एक टीएनएफ अडवला तर दाहाची बाकीची साखळी पण ढिली पडते, मग १९९२ ला पहिल्या पेशंटना दिलं. त्या वेळी बऱ्याच जणांना वाटायचं एकच दुवा तोडून काय होणार, इतके दुवे आहेत. पण झालं.

शिरोलीकर

ताई, शेवटचं विचारतो. बहिणीला, वय २९, दोन महिने झाले सकाळी पायाची बोटं दुखतात म्हणती. आईला सांगितलं न्हाई अजून. तिचं पण अँटी सीसीपी करावं काय? आणि आलंच पॉझिटिव्ह तर आधीच थांबवायचं काही हाय काय?

सातवी_गल्ली

सांधे दुखत असतील तर न थांबता त्याच स्पेशालिस्टना दाखवा, रक्त काय तपासायचं ते ते ठरवतील. नुसतं दुखतंय म्हणजे आरए असं नाही.

आधीच थांबवण्यावर सध्या खूप काम चाललंय. ब्रिटन आणि हॉलंडमध्ये मिळून २१३ जण घेतले, अँटीबॉडी आहेत, सांधे दुखतात पण सूज आलेली नाही असे. निम्म्यांना वर्षभर अबाटासेप्टची इंजेक्शनं दिली, हे औषध टी पेशींना चेतवणारा सिग्नल अडवतं. वर्षाच्या शेवटी औषधवाल्यांत ६ टक्क्यांना आरए झाला, बाकीच्यांत २९ टक्क्यांना. औषध बंद केल्यावर पुढच्या वर्षी अंतर कमी झालं, २५ आणि ३७. हे २०२४ ला आलं. म्हणजे पुढं ढकलता येतं, कायमचं थांबवता येतं असं नाही, आणि हे अजून रोजच्या उपचारात नाही. औषध न घेताही २९ टक्केच होते हे पण बघा, अँटीबॉडी आली म्हणजे लगेच आजार आला असं नाही. सूज दिसली की मात्र उशीर करायचा नाही, पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर हाडं झिजायच्या आत पकडता येतं. आईंचे पाच महिने गेले ते गेले.

शिरोलीकर

व्हय ताई. येत्या गुरुवारी आईची तारीख हाय, बहिणीला पण त्याच दिवशी नेतो. कांड्यांचं आणि वाळूचं कागदावर लिहून घेतलंय. मेडिकलवाले दादा, एक राहिलं, आईची गोळी सोमवारची ठरलीय पण सोमवारी तिचा उपास असतो, उपाशीपोटी मळमळतं, रविवारी दिली तर चालंल?

मेडिकलवाला_गंगावेश

डॉक्टरना गुरुवारी विचारून एकदाच वार बदलून घ्या, बहुतेक हो म्हणतील, चिठ्ठीवर त्यांच्याच हातनं नवीन वार लिहून घ्या. रविवारी रात्री जेवल्यावर. आणि घरातल्या कॅलेंडरवर जुना सोमवार खोडून टाका, न्हाईतर कुणीतरी दोन्ही दिवशी देईल.